अमेरिकेत सरकारी मदतीचा मोबाइल: आधी मंजुरी, मग कंपनी

ग्रीन कार्डावर आलेले आईवडील पहिली काही वर्षं मुलाच्या फॅमिली प्लॅनवर असतात. मग मुलाची नोकरी जाते, किंवा म्हातारा-म्हातारी सीनियर बिल्डिंगमध्ये वेगळं बिऱ्हाड करतात, आणि महिन्याचं फोनबिल जड जायला लागतं. डबे करून देणाऱ्या, मुलं सांभाळणाऱ्या बायका, पेट्रोल पंपावर आणि मोटेलात काम करणारी आपली माणसंही याच रांगेत असतात, फक्त मंडळाच्या गणपतीत ते कुणी बोलून दाखवत नाही. अशा सगळ्यांसाठी हा लेख आहे. न्यू जर्सीत सासूबाईंसाठी मी हे सगळं केलं, आणि मग त्यांच्या बिल्डिंगमधले शेजारीपाजारीही कागद घेऊन यायला लागले.

एक गोष्ट सुरुवातीलाच डोक्यात पक्की करा. 'फुकट फोन' हे कंपन्यांचं आमिष आहे. सरकार देतं ती दरमहाची सवलत, आणि त्या सवलतीची मंजुरी तुमच्या नावावर असते, कंपनीच्या नाही. म्हणून आधी मंजुरी काढायची आणि मग कंपनी निवडायची. बहुतेक लोक बरोबर उलटं करतात आणि दुकानाबाहेर फुकट फोन वाटणाऱ्या तंबूत फसतात.

हे प्रकरण नेमकं काय आहे

योजनेचं नाव लाइफलाइन. रेगन राष्ट्राध्यक्ष असताना १९८५ मध्ये ती घरातल्या तारेच्या फोनसाठी सुरू झाली. २००५ पासून मोबाइलला लागू झाली, २०१६ मध्ये इंटरनेटही त्यात आलं. तिला 'ओबामा फोन' म्हणणाऱ्यांशी वाद घालत बसू नका. योजना चालवते एफसीसी ही दूरसंचाराची केंद्रीय संस्था, आणि रोजचं काम बघते यूसॅक ही दुसरी संस्था. पैसा युनिव्हर्सल सर्व्हिस फंडातून येतो. आपल्या प्रत्येकाच्या फोनबिलावर तळाशी बारीक अक्षरात जो आकार असतो, तो याच फंडासाठी. २०२५ च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हा फंड घटनेला धरून आहे असा निकाल दिला.

सवलत महिन्याला जास्तीत जास्त ९.२५ डॉलर (मूळ अमेरिकन जमातींच्या जमिनीवर राहणाऱ्यांना ३४.२५). हे पैसे तुमच्या हातात येत नाहीत, कंपनीला मिळतात. त्या बदल्यात मोबाइल कंपन्या एक साधा प्लॅन फुकट देतात. इंटरनेटसकट सवलत घेतली तर महिन्याला निदान ४.५ जीबी डेटा मिळायला हवा. फक्त बोलण्याचा प्लॅन असेल तर किमान १,००० मिनिटं. फोनचं यंत्र देण्याची सक्ती कंपनीवर नाही. काही देतात, काही फक्त सिम कार्ड पाठवतात, काही थोडे पैसे मागतात.

१. तुम्ही बसता का ते पाहा

आत शिरायला दोन दारं आहेत, त्यातलं एक पुरतं.

पहिलं दार सरकारी मदतीचं. तुम्हाला, किंवा तुमच्यावर अवलंबून असलेल्या घरातल्या कुणाला, पुढचं काही मिळत असेल तर पगार विचारला जात नाही:

- स्नॅप, म्हणजे फूड स्टॅम्प
- मेडिकेड, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी आरोग्यविमा
- एसएसआय, म्हणजे कमी उत्पन्नाच्या वृद्धांना आणि अपंगांना मिळणारी रोख मदत
- घरभाड्याची केंद्रीय मदत (सेक्शन ८ त्यातच येतं)
- निवृत्त सैनिकांचं पेन्शन किंवा त्यांच्या वारसांना मिळणारा लाभ

इथे दोन गोंधळ कायम होतात. मेडिकेअर वेगळं, मेडिकेड वेगळं. पासष्टी झाली म्हणून मिळालेलं लाल-पांढरं-निळं मेडिकेअर कार्ड इथे चालत नाही. आणि राज्यागणिक मेडिकेडचं नाव बदलतं: कॅलिफोर्नियात मेडिकॅल, मॅसॅच्युसेट्समध्ये मासहेल्थ, आमच्याकडे एनजे फॅमिलीकेअर. त्यातही फॅमिलीकेअरच्या छत्रीखाली मुलांच्या आरोग्यविम्याचा चिप हा कार्यक्रम येतो, आणि चिप लाइफलाइनच्या यादीत नाही. आलेल्या पत्रात 'मेडिकेड' हा शब्द आहे का ते बघा. विक (बाळंतिणी आणि लहान मुलांच्या पोषणाची मदत), पेल ग्रँट (कॉलेजच्या खर्चाची मदत), शाळेतलं फुकट जेवण यांवरही लाइफलाइन मिळत नाही. ते चालायचं एसीपी नावाच्या इंटरनेट सवलतीच्या दुसऱ्या योजनेत, आणि ती १ जून २०२४ ला बंद पडली.

दुसरं दार उत्पन्नाचं. घरातल्या सगळ्यांचं मिळून वर्षाचं उत्पन्न केंद्राच्या दारिद्र्यरेषेच्या १३५ टक्क्यांच्या आत हवं. २०२५ च्या आकड्यांनुसार एकट्या माणसाला साधारण २१,१२८ डॉलर, दोघांच्या घराला २८,५५३, तिघांच्या ३५,९७८ आणि चौघांच्या ४३,४०३. अलास्का आणि हवाईसाठी मर्यादा जास्त आहे. हे आकडे दर वर्षाच्या सुरुवातीला बदलतात, तेव्हा अर्जाच्या दिवशीचा तक्ता बघा. उत्पन्न म्हणजे कर कापण्याआधीचं सगळं. कोथरूडच्या फ्लॅटचं भाडं आणि भारतातलं पेन्शनही त्यात येतं. "ते तिकडचं आहे हो" हे उत्तर अमेरिकेच्या करखात्याला चालत नाही, इथेही चालत नाही.

टूरिस्ट व्हिसावर सहा महिन्यांसाठी आलेल्या आईवडिलांना हे नाही. अर्जात सोशल सिक्युरिटी नंबरचे शेवटचे चार आकडे लागतात, आणि ते त्यांच्याकडे नसतात. त्यांच्यासाठी साधं प्रीपेड सिम घ्या आणि मोकळे व्हा. विद्यार्थी व्हिसावाल्यांनी तर याच्या वाटेला जाऊच नये असं माझं मत आहे. व्हिसा घेताना 'माझ्याकडे पैसे आहेत' असं दाखवून आलेलो असतो आपण.

"याने ग्रीन कार्डाला धक्का लागेल का?" हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो, आणि आवाज खाली आणून विचारतो. ग्रीन कार्ड मागणारा 'सरकारवर भार' होईल का, हे ठरवताना २०२२ च्या नियमात एसएसआयसारखी रोख मदत आणि सरकारी खर्चाने संस्थेत दीर्घकाळ राहणं एवढंच धरलं गेलं, फोनची सवलत नाही. पण २०१९ चा नियम वेगळा होता, २०२२ चा वेगळा. सरकार बदललं की हे बदलतं. तुमचा किंवा घरातल्या कुणाचा ग्रीन कार्डाचा अर्ज चालू असेल तर आधी इमिग्रेशन वकिलाला विचारा. आणि फोन मिळावा म्हणून मेडिकेड किंवा स्नॅप घ्यायला मुळीच जाऊ नका. तुम्हाला स्पॉन्सर केलेल्या मुलाकडून त्या मदतीची वसुली करण्याचा हक्क कायद्याने सरकारला आहे.

२. कागद जमवा

- ओळख: पासपोर्ट, ग्रीन कार्ड, किंवा राज्याचं ओळखपत्र वा ड्रायव्हिंग लायसन्स
- सोशल सिक्युरिटी नंबरचे शेवटचे चार आकडे
- मदतीचा पुरावा: मंजुरीपत्र किंवा लाभाचं स्टेटमेंट
- उत्पन्नावर अर्ज असेल तर: मागच्या वर्षीचा टॅक्स रिटर्न, किंवा ओळीने तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, किंवा सोशल सिक्युरिटीचं लाभपत्र
- पत्त्याचा पुरावा: भाडेकरार, वीज-गॅसचं बिल

मदतीच्या पुराव्यावर तुमचं नाव, योजनेचं नाव, देणाऱ्या खात्याचं नाव आणि तारीख, चारही हवीत. तारीख मागच्या बारा महिन्यांतली असावी, किंवा मुदत पुढे संपणारी असावी. नुसत्या प्लास्टिक कार्डावर पुष्कळदा तारीखच नसते, आणि अर्ज तिथेच अडकतो. म्हणून कार्डाऐवजी पत्र लावा. फोटो काढताना कागद टेबलावर सपाट ठेवून चारही कोपरे दिसतील असा काढा. ओट्यावरच्या ट्यूबलाइटची चमक नेमकी तारखेवर येते, तेव्हा खिडकीशी जा.

३. नाव, जन्मतारीख आणि पत्ता

आपल्या लोकांचे अर्ज सर्वांत जास्त इथे अडतात. संगणक तुमचं नाव, जन्मतारीख आणि ते चार आकडे सरकारी नोंदींशी ताडून बघतो. एक अक्षर इकडचं तिकडे झालं की 'ओळख पटली नाही'.

आपलं नाव तीन पदरी. स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, मग आडनाव. भारतीय पासपोर्टात पहिली दोन एकत्र 'गिव्हन नेम'च्या रकान्यात बसतात. मग इथे एका कार्डावर सुशीला वसंत हे अख्खं पहिलं नाव होतं, दुसऱ्यावर सुशीला व्ही., तिसऱ्यावर वसंत पार गायब. अर्जात सोशल सिक्युरिटी कार्डावर जसं आहे तसंच लिहा. मधलं नाव तिथे पहिल्या नावाला जोडलेलं असेल तर अर्जातही जोडा. मेडिकेडच्या पत्रावर वेगळं असेल तर दोन्ही कागद अपलोड करा. लग्नाआधीचं नाव कुठे शिल्लक असेल तर मॅरेज सर्टिफिकेट हाताशी ठेवा.

जन्मतारखेची गंमत अशी की आपल्याकडच्या एका अख्ख्या पिढीचा वाढदिवस १ जूनला असतो. शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिली ती तारीख. आता अमेरिकेत आधी महिना आणि मग दिवस. आजोबा सवयीने ०१/०६ लिहितात आणि सरकारदरबारी त्यांचा जन्म ६ जानेवारीला होतो. १ जून म्हणजे ०६/०१, हे वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. घरात खरी तारीख वेगळी पाळत असाल, तिथीने औक्षण करत असाल तर जरूर करा, पण अर्जावर पासपोर्टातलीच.

पत्ता पोस्टाच्या पद्धतीने हवा, अपार्टमेंट नंबरसकट. बिल्डिंगमध्ये शंभर घरं आणि तुम्ही '२-बी' लिहायला विसरलात, तर 'या पत्त्यावर आधीच कुणीतरी लाइफलाइन घेतं' असं उत्तर येतं. ते कुणीतरी म्हणजे तुमच्या शेजारीणबाई.

४. 'घर' म्हणजे कोण

एका घराला एकच लाइफलाइन. आणि घर म्हणजे नुसता पत्ता नाही. एका पत्त्यावर राहून मिळकत आणि खर्च एकत्र असलेली माणसं मिळून एक घर. एका चुलीवर जेवणारी माणसं, असं मी आज्यांना सांगते, आणि ते त्यांना लगेच पटतं.

नवरा-बायको एकत्र राहतात म्हणजे घर एकच, आणि फोनही एकच. आजोबांच्या नावाने एक, आजींच्या नावाने दुसऱ्या कंपनीचा एक, हे चालत नाही. तंबूतला माणूस "चालतं, मी करून देतो" म्हणाला तरी अर्जावर शपथेवर सही तुमची असते, त्याची नाही. खोटं लिहिलं तर दंड होऊ शकतो, तुरुंगही होऊ शकतो, आणि योजनेतून कायमचं बाहेर काढू शकतात.

उलट बाजूही आहे. एका भाड्याच्या घरात चार बॅचलर किंवा दोन कुटुंबं राहत असतील आणि प्रत्येकाचे पैसे वेगळे असतील, तर प्रत्येकाला स्वतंत्र हक्क आहे. त्यासाठी 'हाउसहोल्ड वर्कशीट' नावाचा साधा फॉर्म भरावा लागतो. सोबत कोण राहतं, त्याला लाइफलाइन आहे का, पैसे एकत्र आहेत का, एवढेच प्रश्न. वेगळ्या राहणाऱ्यांनी तो घाबरून सोडू नये.

मुलाच्या तळघरात राहणाऱ्या आईवडिलांचं काय? खर्च मुलगाच बघत असेल तर घर एकच, आणि उत्पन्नाच्या दाराने गेलात तर मुलाचा पगारही मोजला जाणार. आईला स्वतःला मेडिकेड असेल तर मात्र पहिल्या दाराने जाता येतं. तरीही घरटी एक हा नियम आहेच.

५. अर्ज भरा

अर्ज नॅशनल व्हेरिफायर या सरकारी यंत्रणेत जातो. लाइफलाइनसपोर्ट डॉट ऑर्ग या साइटवरून तिथे पोचता येतं. गुगलवर 'फ्री गव्हर्नमेंट फोन' शोधलंत तर वरचे पाच-सहा दुवे जाहिरातींचे असतात, म्हणून पत्ता स्वतः टाइप करा. खातं उघडा, माहिती भरा. तुमची मदत सरकारी नोंदीत थेट सापडली तर काही मिनिटांत मंजुरी दिसते. नाही सापडली तर कागद मागतात आणि माणूस तपासतो, त्याला काही दिवस लागतात.

ऑनलाइन जमत नसेल तर छापील फॉर्म पोस्टाने पाठवता येतो. फॉर्मचा क्रमांक ५६२९. अडलं तर लाइफलाइन सपोर्ट सेंटरचा नंबर १-८००-२३४-९४७३. इंग्रजीचा संकोच वाटत असेल तर गावच्या पब्लिक लायब्ररीत किंवा काउंटीच्या ऑफिस ऑन एजिंगमध्ये जा. फॉर्मची मदत तिथे फुकट मिळते, स्कॅनरही असतो.

मंजुरी मिळाली की ९० दिवसांत कंपनी निवडायची, नाहीतर अर्ज पुन्हा. मंजुरीचा क्रमांक कागदावर उतरवून फ्रिजवर लावा, ईमेलच्या भरवशावर राहू नका.

कॅलिफोर्निया, टेक्सास आणि ओरेगनमध्ये पात्रता तपासायची पद्धत वर्षानुवर्षं वेगळी राहिली आहे. कॅलिफोर्नियात तर आधी कंपनीकडे जायचं आणि मग गुलाबी पाकिटातून अर्ज घरी यायचा, म्हणजे मी सांगते त्याच्या उलट क्रम. सॅन होजे, फ्रीमाँट, ह्यूस्टन, डॅलसवाल्यांनी आधी आपल्या राज्याच्या पब्लिक युटिलिटी कमिशनच्या साइटवर बघून घ्यावं. कॅलिफोर्निया केंद्राच्या वर स्वतःचीही सवलत देतं, तेव्हा तिथला प्लॅन सहसा जास्त चांगला असतो.

६. आता कंपनी

साइटवर 'कंपनीज निअर मी' नावाची सोय आहे. पिन कोड, म्हणजे इथला झिप कोड, टाकला की तुमच्या भागातल्या कंपन्यांची यादी येते. सेफलिंक, ॲश्युरन्स वायरलेस, ॲक्सेस वायरलेस, ट्रूकनेक्ट ही त्यातली काही नावं. सगळ्या राज्यांत सगळ्या नसतात.

निवडताना फोनचा फोटो बघू नका, नेटवर्क बघा. या बहुतेक कंपन्या दुसऱ्याच्या टॉवरवर चालतात. कोणाच्या, ते फोन करून विचारा, आणि ते नेटवर्क तुमच्या स्वयंपाकघरात येतं का हे त्याच नेटवर्कचा फोन असलेल्या शेजाऱ्याला घरी चहाला बोलावून बघा. मग हे प्रश्न विचारा:

- यंत्र देता की फक्त सिम? यंत्राचे पैसे?
- माझा जुना फोन चालेल का?
- डेटा संपल्यावर नेट बंद होतं की हळू चालतं?
- आहे तोच नंबर ठेवता येईल का?

माझं मत विचाराल तर घरात बरा अनलॉक्ड (कुठल्याही कंपनीचं सिम चालणारा) फोन असेल तर फक्त सिम घ्या. फुकट मिळणारं यंत्र साधारणपणे अगदी तळातलं अँड्रॉइड असतं. नव्यात बरं चालतं, मग व्हॉट्सॲपवर नातवाचे फोटो साठले की जागा संपते आणि आजी म्हणतात फोन बिघडला. शिवाय आपल्या लोकांची आणखी एक गरज असते. भारतातल्या बँकेचा ओटीपी भारतीय नंबरवर येतो, म्हणून ते सिम जिवंत ठेवायचं असतं. दोन सिमचा स्वतःचा फोन असेल तर एका खाचेत भारत आणि दुसरीत लाइफलाइन. कंपनीकडून आलेल्या यंत्रात दुसरी खाच असेलच असं धरून चालू नका.

जुना नंबर ठेवायचा असेल तर जुन्या कंपनीकडून खातेक्रमांक आणि ट्रान्सफर पिन (नंबर हलवायला लागणारा गुप्त आकडा) घ्या. जुनी लाइन आधी बंद करू नका. नंबर मेला की परत येत नाही, आणि डॉक्टरपासून बँकेपर्यंत सगळीकडे तोच दिलेला असतो. कंपनी नाही आवडली तर सवलत घेऊन दुसरीकडे जाता येतं, बांधून घेतलेलं नसतं.

७. पाकीट आलं की

सिम घाला, चालू करा, आणि घरातल्याच कुणाला एक साधा फोन लावून बघा. व्हॉट्सॲपचा नंबर लगेच बदलू नका. भारतातले सगळे जुन्याच नंबरवर असतात, आणि व्हॉट्सॲप वाय-फायवर जुन्या नंबरानेही चालतं. भारतात थेट फोन या प्लॅनमधून सहसा लागत नाही, किंवा पैसे पडतात. तेव्हा व्हॉट्सॲप, तेही घरच्या किंवा लायब्ररीच्या वाय-फायवर. ४.५ जीबी ऐकायला बरं वाटतं, पण ताईशी रोज व्हिडिओवर गप्पा झाल्या तर पंधरवडाही पुरत नाही.

जुनं यंत्र फेकू नका. अमेरिकेत सिम नसलेल्या फोनवरूनही ९११ लागतो. चार्ज करून उशाशी ठेवा.

८. मिळालेला फोन टिकवा

फोन मिळवण्यापेक्षा टिकवताना जास्त लोक बाद होतात, आणि कारणं दोनच आहेत.

पहिलं, न वापरणं. फुकट प्लॅन सलग ३० दिवस वापरला नाही तर कंपनी १५ दिवसांची नोटीस देते आणि मग लाइन बंद करते. वापर म्हणजे मोबाइलच्या नेटवर्कवरून केलेला फोन, पाठवलेला मेसेज, वापरलेला डेटा, किंवा कंपनी सोडून दुसऱ्या कुणाचा उचललेला फोन. घरच्या वाय-फायवरून केलेला व्हॉट्सॲप कॉल यात मोजला जात नाही. आपले म्हातारे दिवसभर फोनवर असतात, पण सगळं वाय-फायवर, म्हणून कंपनीच्या हिशेबात फोन पडूनच आहे. उपाय सोपा आहे. दर रविवारी मुलाला व्हॉट्सॲपवरून नको, हिरव्या फोनच्या बटणावरून एक साधा कॉल करायचा. सासूबाईंनी त्यासाठी देवघरातल्या कॅलेंडरवर रविवारी खूण करायला सुरुवात केली, एकादशीच्या खुणेशेजारी.

याच नियमात थंडीतली भारतवारी अडकते. नोव्हेंबरात गेलात आणि मार्चमध्ये आलात तर लाइन गेलेली असणार. दुसऱ्याने तुमचा फोन वापरून ती जिवंत ठेवणं नियमात बसत नाही. नंबर महत्त्वाचा असेल तर जाण्याआधी तो स्वस्तातल्या एखाद्या प्रीपेडवर हलवा आणि आल्यावर लाइफलाइनचा अर्ज नव्याने करा. ज्यांना एसएसआय मिळतं त्यांनी हेही लक्षात ठेवावं की सलग ३० दिवस देशाबाहेर राहिलं की एसएसआयही थांबतं.

दुसरं कारण, वर्षाची फेरतपासणी. दर वर्षी यूसॅक बघतं की तुम्ही अजून बसता का. नोंदीत आपोआप सापडलात तर काही करावं लागत नाही. नाही सापडलात तर पत्र किंवा मेसेज येतो आणि उत्तराला ६० दिवस मिळतात. हे पत्र दिसायला जाहिरातीच्या पत्रासारखंच असतं. सीनियर बिल्डिंगच्या लॉबीत पत्रपेट्यांखाली जो कचऱ्याचा डबा असतो, त्यात अशी किती पत्रं गेली असतील कोण जाणे. पाकिटावर 'लाइफलाइन' किंवा 'यूसॅक' दिसलं तर ते मुलाला दाखवल्याशिवाय टाकायचं नाही, एवढं घरात ठरवून टाका.

घर बदललं तर ३० दिवसांत कंपनीला कळवा.

९. तंबू, फोन आणि फसवाफसवी

सुपरमार्केटबाहेर, काउंटीच्या सोशल सर्व्हिसेस ऑफिसबाहेर टेबल टाकून 'फ्री फोन' वाटणारी पोरं असतात. सगळी लबाड नसतात, काही कंपन्यांची अधिकृत माणसं असतात. पण अर्ज करून घेतल्याबद्दल एजंटला माणशी कमिशन देण्यावर एफसीसीने २०१९ च्या आदेशाने बंदी घातली, त्याला कारण होतं. कोट्यासाठी खोटे अर्ज भरले जात होते. कंपन्याही धुतल्या तांदळाच्या नाहीत. क्यू लिंक वायरलेस या कंपनीने फोन न वापरणाऱ्या ग्राहकांच्या नावावरही सरकारकडून पैसे उकळले, आणि २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये न्यायालयात गुन्हा कबूल केला.

म्हणून टेबलावर कुणी मेडिकेडचं कार्ड टॅब्लेटने स्कॅन करायला मागितलं तर "माझी मंजुरी आधीच आहे" म्हणा आणि पुढे चला. अर्जाला फी नाही. बँक खात्याचा नंबर लागत नाही. तुम्ही न करता आलेल्या फोनवर पूर्ण सोशल सिक्युरिटी नंबर सांगू नका. 'महिना ३० डॉलर इंटरनेट आणि टॅबलेट फुकट' ही जाहिरात अजून फिरते, ती बंद पडलेल्या एसीपीची आहे.

कंपनी दाद देत नसेल तर एफसीसीकडे तक्रार करा, १-८८८-२२५-५३२२ वर किंवा त्यांच्या साइटवर. तक्रार कंपनीकडे गेली की तिला ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणि कॉल सेंटरवर महिनोन्महिने न सुटलेलं काम बऱ्याचदा इथे सुटतं.

१०. घरात त्रास असेल तर

हे कुणी विचारत नाही म्हणून मुद्दाम लिहितेय. २०२२ च्या सेफ कनेक्शन्स कायद्यानुसार, घरात मारहाण किंवा छळ सोसणाऱ्या व्यक्तीला नवऱ्याच्या फॅमिली प्लॅनमधून आपला नंबर वेगळा काढून मागता येतो. तसा अर्ज दिल्यावर कंपनीने दोन कामकाजी दिवसांत तो वेगळा करायचा असतो. हातात पैसा नसेल तर सहा महिन्यांपर्यंत लाइफलाइनही मिळू शकते, आणि त्यासाठी उत्पन्नाची मर्यादा नेहमीपेक्षा सैल, म्हणजे दारिद्र्यरेषेच्या २०० टक्क्यांपर्यंत आहे. डिपेंडंट व्हिसावर आलेल्या, बिल नवऱ्याच्या नावावर असलेल्या आपल्या मुलींना हे माहीत हवं. कोणाला फोन केला ते बिलावर दिसतं, म्हणून चौकशी लायब्ररीतल्या किंवा मैत्रिणीच्या फोनवरून करा. राष्ट्रीय मदतवाहिनीचा नंबर १-८००-७९९-७२३३, चोवीस तास चालू, दुभाषाही मागता येतो.

११. परिस्थिती सुधारली की

नोकरी लागली, मेडिकेड सुटलं, उत्पन्न मर्यादेबाहेर गेलं, तर ३० दिवसांत कंपनीला सांगायचं. लाज वाटण्यासारखं यात काही नाही, आणि न सांगणं अंगाशी येऊ शकतं. सांगण्याआधी नंबर दुसऱ्या प्लॅनवर हलवून घ्या. तेवढ्यासाठी खातेक्रमांक आणि ट्रान्सफर पिन लागतो, तो लाइन चालू असतानाच मागा. बंद झाल्यावर कॉल सेंटरवाले "खातं अस्तित्वात नाही" म्हणतात.